एम्प्रेस मिल ते मिहान : शेअरचे जुने भाव कसे वाचावेत?

नागपूरच्या दक्षिणेला, विमानतळ आणि वर्धा रस्ता यांना लागून, मिहान हा प्रकल्प उभा आहे. २००२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही अशा गावांच्या शिवारात त्याची आखणी केली. तेथील विशेष आर्थिक क्षेत्रात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस म्हणजे टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस यांसारख्या कंपन्यांची केंद्रे आहेत. शहराच्या मध्यभागी, गांधीसागर तलावाजवळ, एके काळी दुसरी एक कंपनी होती : एम्प्रेस मिल. ही कापडगिरणी आणि टीसीएस यांच्यामध्ये नव्वद वर्षांहून अधिक काळाचे अंतर असले, तरी दोन्ही टाटांच्याच घरच्या. दोन्ही कंपन्यांचे भांडवल शेअर विकून उभे राहिले आणि त्या शेअरचे भाव नोंदले गेले.

अशा जुन्या भावांचा उपयोग काय? पुष्कळांना वाटते, की त्यांवरून उद्याचा भाव सांगता येतो. काहींना वाटते, की हा सारा सट्ट्याचा खेळ, शाळेशी त्याचा संबंध नाही. दोन्ही समजुती तपासून पाहण्यासारख्या आहेत, कारण हा प्रश्न आता शिक्षकांच्या घरापर्यंत आला आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत येणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदायी योजना आणली आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेला जोडली. त्या योजनेत जमा रकमेचा काही भाग शेअरमध्ये गुंतवला जातो. म्हणजे ज्याने आयुष्यात एकही शेअर स्वतः विकत घेतलेला नाही, त्याच्या म्हातारपणाचा काही आधारही या भावांवर टेकलेला असू शकतो. तेव्हा हे भाव वाचायला शिकणे बरे.

भाव म्हणजे नेमके काय?

बाजार समितीत कापसाचा भाव निघतो, तसाच शेअरचा भाव निघतो. एक विकणारा आणि एक घेणारा एका आकड्यावर राजी होतात आणि सौदा होतो. तो आकडा म्हणजे भाव. तो वस्तूच्या अंगचा गुणधर्म नाही. लोखंडाची घनता कोणी, केव्हा, कोठे मोजली यावर अवलंबून नसते. भाव मात्र त्या क्षणीच्या त्या दोघांच्या अंदाजांवर अवलंबून असतो. एका दिवसात असे हजारो सौदे होतात. रोजच्या नोंदीत त्यांतले चारच आकडे दिसतात : सुरुवातीचा भाव, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि बंद भाव. आपल्या बाजारांत बंद भाव म्हणून वर्षानुवर्षे शेवटच्या अर्ध्या तासातील सौद्यांची भारित सरासरी वापरली गेली. म्हणजे ज्याला आपण ‘त्या दिवसाचा भाव’ म्हणतो, तोही एक काढलेला आकडा आहे. प्रयोगवहीतील नोंदीप्रमाणे याही नोंदीला ‘ही कशी घेतली?’ असे आधी विचारले पाहिजे.

१८६५ : मुंबईचा पहिला धडा

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडील राज्यांची बंदरे अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तेथून येणारा कापूस बंद झाला. साऱ्यांच्या नजरा भारताकडे वळल्या. कापसाचे भाव चढले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशातून बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर सुमारे ५०,००० रुपयांपर्यंत चढला. जमीन अजून समुद्राखालीच होती. चढला होता तो तिच्याविषयीचा अंदाज.

१८६५ च्या वसंतात युद्ध संपले. कापूस घसरला आणि १ जुलै १८६५ रोजी, म्हणजे वायद्याचे सौदे पुरे करण्याच्या दिवशी, पैसे द्यायला कोणाकडेच काही नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत पोचलेला शेअर ८७ रुपयांवर आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे मोठे व्यापारी कोसळले. जमशेटजी टाटांच्या घरच्या पेढीलाही जबर फटका बसला.

या आकड्यांत गणिताचा एक चांगला पाठ आहे. २,८५० वरून ८७ म्हणजे सुमारे ९७ टक्के घट. मग पुन्हा २,८५० व्हायला किती टक्के वाढ लागेल? बहुतेक विद्यार्थी ‘९७’ असे उत्तर देतात. प्रत्यक्षात भाव जवळजवळ ३३ पट व्हावा लागेल, म्हणजे सुमारे ३,२०० टक्के वाढ. निम्म्यावर आलेल्याला पूर्वस्थितीसाठी दुप्पट व्हावे लागते, दहाव्या हिश्शावर आलेल्याला दहापट. घट आणि वाढ यांची टक्केवारी एकाच पायावर मोजलेली नसते, हे पुस्तकातल्या दहा उदाहरणांपेक्षा हे एक उदाहरण अधिक ठसवते.

१८७७ : भाव आणि लाभांश

या पडझडीनंतर दोन वर्षांनी, १८६७ साली, रेल्वे नागपूरला पोचली. कापूस जिथे पिकतो तिथेच गिरणी काढावी, असे जमशेटजींनी ठरवले आणि १८७४ मध्ये ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ नोंदवली. भांडवल १५ लाख रुपये. दुसऱ्याच वर्षी, १८७५ मध्ये, मुंबईच्या दलालांनी आपली संघटना बांधली. तीच आजच्या मुंबई शेअरबाजाराची सुरुवात. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, नागपूरची गिरणी सुरू झाली. म्हणून तिचे नाव एम्प्रेस.

गिरणीची जागा तलावालगतची, दलदलीची. ती भरण्यात बराच पैसा गेला. एका मारवाडी सावकाराने भांडवल देण्याचे नाकारले, हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे असे म्हणाला आणि पुढे गिरणी भरभराटीला आल्यावर, याने माती घालून सोने काढले अशी कबुली दिली, अशी एक गोष्ट सांगितली जाते. गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यात एक अचूक निरीक्षण आहे : सावकाराने पाहिला तो आरंभीचा खर्च, भागधारकांना मिळाले ते पुढची अनेक वर्षे येत राहिलेले उत्पन्न.

शेअरमधून पैसा दोन वाटांनी येतो. भाव वाढला तर विकताना, आणि न विकता दर वर्षी लाभांशातून. भावांच्या कोष्टकात पहिली वाटच दिसते. समजा, ५०० रुपयांच्या शेअरचा भाव २० वर्षे ५०० च राहिला. आलेख सपाट आडवी रेघ. पण कंपनीने दर वर्षी ५० रुपये लाभांश दिला असेल, तर २० वर्षांत १,००० रुपये हाती आले. म्हणजे घातलेल्याच्या दुप्पट, आणि शेअर शिवाय शिल्लकच. आलेख पाहणारा म्हणेल, की काहीच घडले नाही. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना भाव आणि लाभांश एकत्र धरावे लागतात. त्यातही १८७७ चा रुपया आणि आजचा रुपया एक नव्हेत. महागाई वजा केल्याशिवाय दीर्घ काळाच्या आकड्यांना अर्थ नाही.

एका दिवसात निम्मा झालेला शेअर

आता मिहानमधील टीसीएसकडे येऊ. या कंपनीचे शेअर २००४ च्या ऑगस्टमध्ये जनतेला ८५० रुपयांना दिले गेले. २०१८ च्या मे महिन्याच्या अखेरीस तिचा भाव साडेतीन हजारांच्या आसपास होता आणि दुसऱ्याच दिवशी तो पावणेदोन हजारांच्या आसपास आला. पन्नास टक्के घसरण! परंतु कोणीही घाबरले नाही. कारण कंपनीने एकास एक बक्षीस शेअर दिले होते. ज्याच्याकडे एक शेअर होता त्याच्याकडे आता दोन झाले. एका भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून भाकरी कमी होत नाही.

टीसीएसने असे एकास एक बक्षीस शेअर तीनदा दिले : २००६, २००९ आणि २०१८ मध्ये. म्हणजे २००४ चा एक शेअर २ × २ × २ = ८ झाला. आता दोन विद्यार्थ्यांना २००४ ते २०१८ या पावणेचौदा वर्षांचा हिशेब करू द्या. पहिला कच्चे भाव घेतो : ८५० चे सुमारे १,७४५ झाले, म्हणजे दुपटीला थोडे वर, चक्रवाढीने वर्षाला साधारण साडेपाच टक्के. बँकेतील ठेव बरी! दुसरा शेअरची संख्या धरतो : ८ × १,७४५ म्हणजे जवळजवळ १४,००० रुपये. घातलेल्याच्या साडेसोळा पट. वर्षाला साधारण साडेबावीस टक्के, लाभांश सोडून. दोघांची बेरीज-गुणाकार बिनचूक, मूळ आकडे तेच, उत्तरांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

ही अडचण टाळण्यासाठी ‘समायोजित भाव’ काढतात. बक्षीस शेअरच्या आधीचे सारे भाव त्या प्रमाणात भागले जातात. टीसीएसचे २००४ चे ८५० रुपये समायोजित कोष्टकात ८५० ÷ ८ = १०६ रुपये २५ पैसे होतात. दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच भाग केले, तर पाचने भागायचे. काही कोष्टकांत लाभांशही वळता करतात, आणि मग प्रत्येक नव्या लाभांशागणिक मागचे सर्व आकडे पुन्हा बदलतात.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध व्हावे. २००४ साली १०६ रुपये २५ पैशांना टीसीएसचा शेअर कोणी विकला नाही, कोणी घेतला नाही. तो आकडा भूतकाळात नव्हताच. तो आज बसून काढलेला आहे. त्या काळी लोकांनी काय मोजले हे शोधायचे असेल, तर कच्चा भाव हवा. पैसे किती पट झाले हे शोधायचे असेल, तर समायोजित भाव हवा. एक खरा आणि दुसरा खोटा असे नाही. दोन वेगळ्या प्रश्नांची ती दोन उत्तरे आहेत. कोणतेही कोष्टक हाती आले, की ते यांपैकी कोणते हे पाहिल्याशिवाय पेन्सिल उचलू नये.

अंक आणि टक्के

एका कंपनीऐवजी साऱ्या बाजाराचा अंदाज घेण्यासाठी निर्देशांक असतो. मुंबईचा ‘सेन्सेक्स’ १९८६ मध्ये सुरू झाला. त्यात ३० कंपन्या आणि १९७८-७९ या वर्षाची पातळी १०० धरलेली. हर्षद मेहता प्रकरणात, २८ एप्रिल १९९२ रोजी, तो सुमारे ४,४६७ वरून ३,८९७ वर आला, म्हणजे ५७० अंकांनी. २३ मार्च २०२० रोजी, करोना साथीच्या आरंभी, तो सुमारे ३,९३५ अंकांनी पडून २५,९८१ वर आला. वर्तमानपत्री मथळ्यात दुसरी घसरण पहिलीच्या सातपट. पण टक्केवारी काढा : १९९२ ची सुमारे १२.८, २०२० ची सुमारे १३.२. दोन्ही जवळजवळ सारख्या.

साध्या आलेखकागदावर दोन्ही काढल्या, तर १९९२ ची घसरण इतकी बारीक दिसते, की शोधावी लागते. म्हणून दीर्घ काळाचे भाव लॉगरिथमच्या मापावर काढतात. त्यात १०० ते २०० हे अंतर आणि १०,००० ते २०,००० हे अंतर सारखेच येते, कारण दोन्ही दुप्पट आहेत. दहावीनंतर लॉगरिथम शिकवताना ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न वर्गात येतोच. भूकंपाची तीव्रता आणि आम्लतेचा सामू यांच्या जोडीला हे उदाहरण ठेवावे.

धूलिकण आणि कापूस

भावांच्या इतिहासातून भविष्य कळते का, या प्रश्नाला विज्ञानाने प्रथम हात घातला तो १९०० साली. पॅरिसमध्ये लुई बाशलिए या तरुणाने सट्ट्याच्या गणितावर प्रबंध सादर केला. परीक्षकांत आंरी पॉइन्कारे होते. बाशलिएचे म्हणणे थोडक्यात असे : घेणारा आणि विकणारा दोघेही हाती असलेली माहिती वापरूनच सौदा करतात, म्हणून पुढचा बदल वर की खाली हे नाण्याच्या फेकीसारखे असते. अशा पावलांनी चालणारा भाव मूळ जागेपासून किती दूर जाईल? वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. चौपट काळात दुप्पट अंतर. पाच वर्षांनी, १९०५ मध्ये, आइन्स्टाइनने द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या हालचालीसाठी हाच नियम स्वतंत्रपणे मांडला. एकच गणित प्रथम बाजारात आणि मग द्रवात सापडावे, ही विज्ञानाच्या इतिहासातील मौजेची गोष्ट आहे.

परंतु या गणितातही एक उणीव होती, आणि ती दाखवली कापसानेच. १९६३ साली बेन्वा मांडेलब्रॉ यांनी अमेरिकेतील कापसाच्या भावांच्या दीर्घ काळच्या नोंदी तपासल्या. सरासरीभोवती घंटेच्या आकाराने पसरणाऱ्या नेहमीच्या वितरणात मोठे बदल फारच विरळ असायला हवेत. कापसात ते वारंवार दिसत होते. आपल्याच आकड्यांवर हे पाहू. सेन्सेक्सच्या रोजच्या बदलाचे प्रमाण विचलन ढोबळ मानाने दीड टक्का धरू. १३ टक्क्यांची घसरण म्हणजे जवळजवळ नऊ विचलने. घंटेच्या वक्राप्रमाणे असा दिवस येण्यासाठी विश्वाच्या वयाच्या हजारो पट काळ थांबावे लागेल. मुंबईने २८ वर्षांत असे दोन दिवस पाहिले. म्हणजे मुंबई अद्भुत नव्हती. वक्र चुकीचा लावला होता. पाण्याची सरासरी खोली गुडघाभर आहे, एवढ्यावर नदीत उतरू नये, हे गावच्या माणसाला ठाऊक असते. जुन्या भावांचा मोठा उपयोग हाच : वाईट दिवस किती वाईट असू शकतो, हे ते सांगतात.

यादीत नसलेली नावे

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. टीसीएसचे उदाहरण मी घेतले, कारण ती कंपनी टिकली आणि वाढली. चालू कंपन्यांच्या आजच्या यादीत एम्प्रेस मिल शोधली, तर सापडणार नाही. ज्या गिरणीपासून टाटांच्या उद्योगसाम्राज्याचा पाया घातला गेला असे मानतात, ती १९८६ मध्ये टाटांच्या हातून गेली. पुढे राज्य वस्त्रोद्योग महामंडळाने ती चालवली आणि २००२ मध्ये ती कायमची बंद झाली. योगायोग असा, की मिहानसाठीची कंपनी स्थापन झाली तीही २००२ मध्येच. एम्प्रेसच्या जागेवर आता बाजारसंकुल आहे.

विदर्भातलेच दुसरे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरच्या कागद कारखान्याचे. बल्लारपूर इंडस्ट्रीज ही कंपनी १९८६ च्या सेन्सेक्सच्या पहिल्या ३० कंपन्यांत होती, म्हणजे देशातील निवडक भक्कम कंपन्यांत. पुढे ती निर्देशांकातून वगळली गेली आणि जानेवारी २०२० मध्ये तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. निर्देशांक मात्र चढतच राहिला, कारण थकलेली कंपनी बाहेर काढून तिच्या जागी दुसरी घेतली जाते. वर्गातील नापास मुले दर वर्षी यादीतून वगळली, तर शाळेचा निकाल शंभर टक्के लागणारच.

म्हणून ‘आज मोठ्या असलेल्या दहा कंपन्या वीस वर्षांपूर्वी घेतल्या असत्या तर’ हा हिशेब फसवा आहे. वीस वर्षांपूर्वी त्या दहा कोणत्या हे लिहिलेले नव्हते. वर्गात हे सहज दाखवता येते. चाळीस विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच वेळा नाणे फेकायला सांगा. चाळिसांत साधारण एकाला पाचही वेळा छापा येईल. त्याला फळ्याजवळ बोलावून ‘तू कसा जिंकलास?’ असे विचारा आणि वर्ग हसू लागला, की बाजारातील यशोगाथांकडे वळा.

मग प्रत्येकाने नाणे शंभर वेळा फेकून, छाप्याला एक वर आणि काट्याला एक खाली, असा आलेख काढावा. त्यांत चार आलेख खऱ्या कंपन्यांच्या भावांचे, नावे आणि आकडे झाकून मिसळावेत. खरे कोणते ते ओळखायला सांगावे. नाण्यांच्या आलेखांतही शिखरे, दऱ्या, ‘आता वर जाणार’ असे भासवणारी वळणे दिसतील. शेवटी खऱ्या चार कंपन्यांची नावे उघड करावीत, आणि त्यांतली एक तरी बंद पडलेली असावी. त्या चार आलेखांवर प्रत्येकी तीन प्रश्न लिहून घ्यावेत : भाव कच्चा की समायोजित? लाभांश धरला की नाही? आणि ज्यांचे आलेख येथे नाहीत, त्या कंपन्यांचे काय झाले?